वंशावळीतली खोडलेली ओळ

दर वर्षी शाबुओथच्या सुमारास आपल्या सिनेगॉगमध्ये बमिदबारचा पाराशा वाचला जातो. त्यात शिरगणती आहे: वीस वर्षांवरील पुरुष ६,०३,५५० आणि वेगळे मोजलेले लेवी २२,०००. तिसऱ्या अध्यायाच्या ३९व्या वचनात ही लेवींची गणती मोशे आणि अहरोन यांनी केली असे सांगितले आहे. सेफेर तोरा उघडून पाहिले तर तेथे ‘व अहरोन’ या हिब्रू शब्दाच्या प्रत्येक अक्षरावर एकेक ठिपका दिसतो. राशीच्या म्हणण्याप्रमाणे अहरोन स्वतः लेवींच्या त्या संख्येत धरलेला नव्हता, म्हणून हे ठिपके. तोरात असे ठिपके दिलेल्या दहा जागा आहेत.

या ठिपक्यांविषयी ‘आवोथ दे रब्बी नाथान’ या ग्रंथात एक मनोवेधक गोष्ट आहे. एझ्राने काही शब्दांवर ठिपके दिले आणि मनाशी असा हिशेब केला: उद्या एलियाहू हन्नाबी येऊन, हे असे का लिहिलेस, असे विचारतील तर मी ठिपक्यांकडे बोट दाखवीन. आणि बरोबर लिहिलेस, असे म्हणतील तर ठिपके काढून टाकीन. शंका होती तरी एझ्राने शब्द गाळला नाही, आणि शंका आहे हे लपवलेही नाही. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक सोफेराने नवी प्रत लिहिताना शब्दाबरोबर ठिपकेही उतरवले. यादीतल्या एका नावावरची खूण आजपर्यंत आपल्यापाशी आली ती अशी.

ही गोष्ट सांगण्याचे कारण आजचे आहे. अमेरिकेतल्या आपल्या अनेक घरांत नातवंडे वंशावळ जमवू लागली आहेत. ती संगणकावर पूर्वजांचे नाव शोधतात आणि जे सापडेल ते वहीत उतरवून घेतात. जुनी नोंद उतरवताना खोडलेली ओळ, खोडलेले नाव, गिरवून बदललेला आकडा यांचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच पानावर पुढे येतो. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थांनी त्याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. ती एझ्राच्या कसोटीवर लावून पाहावीत आणि आपल्या कामासाठी कोणते घ्यावे, कोणते सोडावे, हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम जहाजांच्या याद्या पाहू. न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची नावे एलिस बेटावर लिहून घेतली जात, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. यादी जहाज निघण्यापूर्वी, निघायच्या बंदरातच, जहाज कंपनीचा कारकून तयार करीत असे. १८९३च्या कायद्याने त्या यादीत विचारायचे प्रश्न पुष्कळ वाढवले. एलिस बेटावरचे अधिकारी ही आलेली यादी समोर धरून प्रवाशांची तपासणी करीत. तिकीट काढलेला माणूस आजारी पडला किंवा वेळेवर धक्क्यावर पोहोचला नाही, तरी त्याचे नाव यादीत आधीच चढलेले असे. मग त्या ओळीवर आडवी रेघ मारली जाई.

म्हणून अशा यादीत सबंध ओळ खोडलेली दिसली, तर बहुतेक वेळा तिचा अर्थ असा की हा माणूस या जहाजाने आला नाही. कधी कधी तो एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेला असतो आणि त्याचे नाव त्याच जहाजाच्या दुसऱ्या पानावर सापडते. कधी तो पुढच्या जहाजाने येतो, आणि मग एकाच माणसाच्या दोन नोंदी दिसतात, एक खोडलेली आणि एक शाबूत. खोडलेली ओळ मोडीत काढणाऱ्याला त्याची दोन जहाजांची गोष्ट कळत नाही. खोडलेली ओळ शाबूत समजून घेणारा त्याच्या आगमनाची तारीखच चुकीची लिहितो, आणि पुढे त्या तारखेवरून सगळ्या कुटुंबाचा हिशेब चुकतो.

ओळ तशीच ठेवून फक्त नाव खोडलेले आणि वर दुसऱ्या शाईत दुसरे नाव, हा प्रकार वेगळा. ही दुरुस्ती पुष्कळदा कित्येक वर्षांनंतरची असते. १९०६च्या कायद्यानंतर नागरिकत्व मागणाऱ्याचे आगमन खरोखर झाले होते की नाही, हे जुन्या यादीत पाहून पडताळले जाऊ लागले, आणि त्या निमित्ताने कारकुनांनी जुन्या पानांवर आकडे, तारखा, शेरे लिहिले. म्हणजे एका पानावर दोन काळ आणि दोन हात असतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या माजी इतिहासकार मेरियन स्मिथ यांनी या शेऱ्यांचा अर्थ उलगडणारी मार्गदर्शिका लिहिली आहे आणि ज्यूइशजेन या संस्थेने ती सर्वांना वाचायला उपलब्ध करून दिली आहे. ज्या घरात कोणी या याद्या चाळत असेल त्याने ती आधी वाचावी, अशी आमची शिफारस आहे.

आता या याद्या ज्या रूपात आपल्या नातवंडांपुढे येतात त्या रूपाविषयी. २००१च्या एप्रिलमध्ये एलिस बेटाच्या याद्यांची नावनिहाय अनुक्रमणिका लोकांसाठी खुली झाली. मॉर्मन चर्चच्या सुमारे १२,००० स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून दोन कोटींहून अधिक नावे उतरवली. एवढ्या कष्टांपुढे मान लववलीच पाहिजे. पण त्या अनुक्रमणिकेत खोडलेला प्रवासी आणि बोटीतून उतरलेला प्रवासी सारखेच दिसतात. नाव, वय, गाव, तारीख, सगळे नीट छापलेले, आणि रेघेची काही खूण नाही. रेघ पाहायची तर मूळ पानाचे छायाचित्रच उघडावे लागते, आणि घाईतला वाचक ते उघडत नाही.

याच परंपरेतल्या फॅमिलीसर्च या संस्थेने आपल्या स्वयंसेवकांना दिलेल्या सर्वसाधारण सूचनांचा सारांश असा: मजकूर खोडून त्याऐवजी दुसरा लिहिला असेल तर दुसरा घ्यावा, खोडला पण त्याच्या जागी काहीच लिहिले नसेल तर खोडलेला मजकूरच घ्यावा. प्रकल्पागणिक यात फरक असतो. ही सूचना मूर्खपणाची नाही. अनुक्रमणिकेचे काम माणूस शोधून देण्याचे. त्या कामापुरती ती ठीक आहे आणि खोडलेले नाव सापडू देते, हा तिचा गुणच. पण रेघ होती की नव्हती हे सांगायला तिच्यात जागा नाही, आणि बदललेल्या नावाखालचे पहिले नाव ती टाकूनच देते. अनुक्रमणिका म्हणजे पानाकडे नेणारी वाट. लोक वाटेवरच घर बांधतात, तेथे घोटाळा होतो.

आपल्या समाजाला याचा त्रास इतरांपेक्षा अधिक का होतो, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या प्रवासी याद्यांत ‘वंश किंवा लोक’ असा रकाना होता, आणि तो भरण्यासाठी कारकुनांना छापील यादी दिलेली होती. त्या यादीत ‘ईस्ट इंडियन’ हे एक नाव आणि ‘हिब्रू’ हे दुसरे. कोकणातून निघालेल्या बेने इस्राएलाला दोन्ही लागू, आणि रकान्यात जागा एकाच शब्दाची. पुढे शिरगणतीत तर आणखी गंमत. १९२०, १९३० आणि १९४० या तिन्ही शिरगणतींत हिंदुस्थानातून आलेल्या माणसाच्या वंशासाठी ठरवलेला शब्द ‘हिंदू’ असा होता, मग तो माणूस शीख असो, मुसलमान असो की शब्बाथ पाळणारा यहुदी असो. अशा रकान्यात एक शब्द खोडून दुसरा लिहिलेला आढळला, तर तो कारकुनाचा निष्काळजीपणा असेलच असे नाही. समोरच्या माणसाने ‘मी तो नव्हे’ असे म्हटल्याचा तो एकुलता एक पुरावाही असू शकेल. ‘दुसरा शब्द घ्या’ या नियमाने तो पुरावा नाहीसा होतो.

शिवाय आपली माणसे तेव्हा येथे होती तरी किती? १९१७च्या कायद्याने हिंदुस्थानातून वसाहतीला येणे जवळजवळ बंद केले. १९४६च्या कायद्याने वर्षाला १०० जणांचा वाटा दिला, तोही सगळ्या हिंदुस्थानाला मिळून. आपला समाज अमेरिकेत दिसू लागला तो मुख्यतः १९६५च्या कायद्यानंतर, काही थेट मुंबईहून, काही इस्राएलमार्गे. त्याआधीच्या नोंदी बोटांवर मोजण्याजोग्या असणार. लाखो नोंदी असलेल्या समाजाला दहा ओळी गाळणे परवडते. आपल्याला एकही परवडत नाही.

दुसऱ्या बाजूला अशा संस्था आहेत ज्या नावे वेचण्याऐवजी सबंध मजकूर उतरवतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१८ साली ‘बाय द पीपल’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात खोडलेला पण वाचता येणारा मजकूर होता त्याच जागी लिहून चौकटी कंसात टाकायचा असतो, आणि न वाचता येणाऱ्या जागी कंसात प्रश्नचिन्ह. स्मिथसोनियनच्या उपक्रमात खोडलेल्या मजकुराच्या आधी आणि नंतर दुहेरी कंसात ‘स्ट्राइकथ्रू’ असा शब्दच लिहितात. दोन्ही रीती एझ्राच्या पंथातल्या: शब्दही ठेवायचा, खूणही ठेवायची.

दोहोंत आम्ही स्मिथसोनियनची रीत सरस मानतो. एरवी छापील ग्रंथांत चौकटी कंस संपादकाने पदरचे घातलेले शब्द दाखवतात. लायब्ररीचा नियम ठाऊक नसलेला वाचक खोडलेल्या शब्दाला संपादकाची भर समजेल, म्हणजे अर्थ अगदी उलटा होईल. स्मिथसोनियनची खूण बोजड दिसते, पण ती स्वतःचा अर्थ स्वतः सांगते. नियमांचे पान हरवले तरी पन्नास वर्षांनी वाचणारा फसणार नाही. मात्र दोन्ही रीतींत एक उणीव आहे. खोडणारा हात तोच की दुसरा, शाई तीच की वेगळी, हे सांगायची सक्ती नाही. साहित्यिकाच्या पत्रात तेवढ्याने भागते. वंशावळीत भागत नाही, कारण नाव कोणी आणि केव्हा बदलले हाच तेथे प्रश्न असतो.

संगणकाविषयी दोन शब्द. १९५०च्या शिरगणतीची पाने ७२ वर्षांची मुदत संपल्यावर १ एप्रिल २०२२ रोजी खुली झाली, तेव्हा नॅशनल आर्काइव्ह्जने नावांची पहिली अनुक्रमणिका यंत्राकडून वाचवून घेतली आणि चुका सुधारण्याची सोय लोकांना दिली. हे शहाणपणाचे झाले. पण अक्षरावरून रेघ गेली की यंत्र अडखळते, आणि अडखळलो असे नेहमी सांगत नाही. ते काहीतरी नाव देऊन मोकळे होते. म्हणून आपल्या आडनावासारखे काही दिसले, किंवा दिसायला हवे तेथे भलतेच दिसले, तर माणसाने पान पाहावे.

येथवर इंग्रजी कागदांचे झाले. आपल्या मराठी कागदांचे काय? केतुबा, सिनेगॉगच्या वह्यांचे उतारे, सिद्दूरच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्माच्या आणि मिलाच्या तारखा, हे सारे पेटीतून मुंबईहून येथे आले आहे. त्यांतली खाडाखोड आपल्या घरची आहे, आणि ती कशाची हे आपणच ओळखू शकतो.

एक उदाहरण सर्वांना माहीत असलेले घेऊ. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे त्यांच्या काळात समाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. सॅम्युएलचा समाजी आणि एझिकेलचा हसाजी, ही आपल्या कोकणी पूर्वजांची बोली. पुढे पवित्र शास्त्रातली नावे मूळ रूपात लिहिण्याची चाल पडली. समजा एखाद्या वहीत ‘हसाजी’ खोडून वर ‘एझिकेल’ लिहिले आहे. उतरवणाऱ्याने फक्त ‘एझिकेल’ घेतले, तर हसाजी नावाने असलेला पलटणीतला किंवा गावातला कागद त्या कुटुंबाशी कधीच जोडला जाणार नाही. फक्त ‘हसाजी’ घेतले, तर केतुबा जुळणार नाही. दोन्ही ठेवली तर दोन्ही कुलपांच्या किल्ल्या हाती राहतात. आडनावांचेही तेच. अमेरिकेच्या फॉर्मात तीन घरे, आणि आपल्याकडे स्वतःचे नाव, बापाचे नाव व गावाचे ‘कर’. कोणी बापाचे नाव शेवटच्या घरात लिहिले आणि गाव खोडले. ते खोडलेले गाव म्हणजे कोकणात परत जायची वाट.

लिपीचाही एक पेच आहे, जो येथल्या मुलांना ठाऊक असायचे कारण नाही. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढतो आणि मग तिला लटकवून अक्षरे लिहितो. ज्याला हे माहीत नाही त्याला सगळे पानच खोडल्यासारखे वाटेल. उलट देवनागरीत खोडण्याची रेघ जरा वर गेली की शिरोरेघेत मिसळून जाते आणि खोडलेला शब्द शाबूत दिसतो. हिब्रूत आणखी तिसरे. जुने लेखनिक नको असलेल्या अक्षरांवर रेघ न मारता ठिपके देत. कुमरानजवळ सापडलेल्या यशायाच्या गुंडाळीतही असे ठिपके आहेत. तेव्हा तिन्ही लिपी ओळखणाऱ्या वडीलधाऱ्यांवाचून हे काम नीट होणार नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खोडणाऱ्याने काही हेतूने खोडले असेल. मोडलेले लग्न, दत्तक मूल, ‘गोरा’ आणि ‘काळा’ इस्राएल अशा जुन्या भेदाचा एखादा शब्द. झाकलेले आपण का उघडावे? आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना १९६२ ते १९६४ची वर्षे आठवतात. इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या सूचनेने बेने इस्राएल वधूवरांच्या आया, आज्या आणि त्यांच्याही मागच्या पिढ्या तपासायला सांगितले गेले. समाज रस्त्यावर उतरला, उपोषणे झाली, आणि १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेथने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केल्यावर ती सूचना बदलावी लागली. ज्यांनी हे सोसले त्यांना वहीतल्या एका खोडलेल्या शब्दाची भीती वाटली, तर तिला उगाच भीती म्हणता येणार नाही.

तरीही आमचे मत असे की शब्द गाळू नये. १९६४मध्ये आपण आपली बाजू मांडू शकलो ती आपला इतिहास लिहिलेला होता म्हणूनही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली पुरा केलेला ग्रंथ १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. त्यात समाजातले भेदही लिहिलेले आहेत. ते लिहिल्याने समाज लहान झाला नाही. ज्याने स्वतःच्या वहीतून नको ते शब्द आधीच काढून टाकले, त्याच्या उरलेल्या शब्दांवर परका माणूस विश्वास का ठेवील?

झाकण्याची योग्य रीत अमेरिकेच्या शिरगणतीनेच दाखवली आहे. ती माहिती पुसत नाही, ७२ वर्षे कुलपात ठेवते. आपणही तसेच करावे. उतारा पूर्ण करावा. हयात माणसाला किंवा त्याच्या मुलांना दुखावणारी ओळ असेल तर ती घरच्या प्रतीत ठेवावी आणि लोकांना द्यायच्या प्रतीत त्या जागी ‘येथील ओळ तूर्त राखून ठेवली आहे’ असे स्पष्ट लिहावे. न सांगता गाळणे मात्र कधीच नको.

आता कामाची रीत, थोडक्यात. मूळ पानाचे स्वच्छ छायाचित्र आधी घ्यावे. मूळ पानावर आपण काहीही लिहू नये, पेन्सिलीनेही नाही. खोडलेला शब्द त्याच्याच जागी [खोडलेले: हसाजी] असा लिहावा आणि पुढे वर लिहिलेला शब्द [वर लिहिलेले: एझिकेल] असा. शाई किंवा हात वेगळा वाटला तर तसे म्हणावे, आणि ‘वाटते’ असेच म्हणावे. वाचता येत नसेल तेथे [खोडलेले: वाचता येत नाही] लिहावे, अंदाज ठोकून देऊ नये. सबंध ओळ खोडली असेल तर ओळ पूर्ण उतरवून शेवटी तसे नमूद करावे. ती का खोडली याचा तर्क हवा तर खाली वेगळ्या टिपेत, सही आणि तारखेसह लिहावा, म्हणजे पूर्वजांचे म्हणणे कोणते आणि आपले कोणते हे पुढच्यांना कळेल. संगणकात नावांची यादी करताना दोन्ही नावे घालावीत आणि खोडल्याची खूण करायला एक वेगळा रकाना ठेवावा.

हे काम तरुणांचे डोळे आणि म्हाताऱ्यांचे वाचन यांनी मिळून करायचे आहे. न्यू जर्सीत वा क्वीन्समध्ये वाढलेल्या मुलाला छायाचित्र मोठे करून दाखवता येते. ‘ही रेघ शिरोरेघ आहे, खोडलेली नाही’ किंवा ‘हे अक्षर माझ्या मोठ्या काकांचे’ हे त्याला सांगणारे मात्र तुम्हीच. शब्बाथ सुटल्यावर एखाद्या शनिवारी रात्री पेटी उघडावी, नातवंडाला शेजारी बसवावे आणि एक पान वाचून दाखवावे. खोडलेल्या शब्दापाशी आलात की पुढे सरकू नका. तो शब्दही वाचा, आणि तो खोडला आहे हेही सांगा.